माळ्यावर सापडलेली लहानपणची एअरगन: दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लहानपणची एअरगन मला जवळपास तीस वर्षांनी परत मिळाली. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती, नळीवर तांबूस गंज होता, आणि दस्त्यावर आम्ही भावंडांनी खिळ्याने कोरलेली अक्षरं जशीच्या तशी होती. ती पुन्हा चालती करताना मी बरंच शिकलो आणि दोन-तीन गोष्टी कायमच्या बिघडवूनही बसलो. तेव्हापासून अशी बंदूक हाती आलेली माणसं मला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. यातलं बहुतेक सगळं स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकांबद्दल आहे, कारण लहानपणच्या बंदुका सहसा त्याच असतात.

बंदूक आत्ताच सापडली आहे. सर्वांत आधी काय करू?

ती भरलेली आहे आणि ताणलेली आहे असं धरून चाला. वर्षानुवर्षं पडून आहे, म्हणजे रिकामीच असणार, हा तर्क इथे चालत नाही. कुणीतरी ताणून, छर्रा घालून, तशीच ठेवून दिलेली बंदूक मी स्वतः पाहिली आहे. नळीचं तोंड कायम अशा दिशेला ठेवा जिथे कुणी नाही आणि कुणी येणारही नाही. चापापासून बोट लांब ठेवा.

मधून मोडणारी नळी असेल तर ती हळूच खाली वाकवून बघा. बंदूक ताणलेली नसेल तर थोडं वाकवल्यावर लगेच स्प्रिंगचा विरोध जाणवतो. नळी ढिली, विनाविरोध खालपर्यंत गेली तर स्प्रिंग आधीच ताणलेली आहे, किंवा आतलं काहीतरी तुटलेलं आहे. अशा वेळी नळी उघडी असताना चाप चुकूनही ओढू नका. नळी फटकन मिटते, बोटं सापडतात, नळी वाकते, दस्त्याला मानेपाशी चीर जाते. नळीतून बघायचं ते मागच्या बाजूने, उजेडाकडे धरून. पुढच्या तोंडातून कधीही नाही.

खालच्या किंवा बाजूच्या दांड्याने ताणायच्या बंदुकीत छर्रा बहुधा फिरत्या तोटीत घालतात, पाण्याच्या नळाला असते तशी. ती तोटी उघडून बघा. छर्रा तिथेच अडकून राहिलेला असू शकतो.

ताणलेली निघाली आणि यंत्रणेबद्दल शंका असेल, तर जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. नेताना ती ताणलेली आहे हे त्याला आधी सांगा.

ती कुठली आणि कधीची, हे कसं ओळखायचं?

मला हा भाग सगळ्यांत आवडतो. मऊ फडक्याला थोडं तेल लावून नळीचा मागचा भाग, सिलिंडरची वरची बाजू आणि चापाजवळचा भाग हळूच पुसा. गंजाखालून शिक्के वर येतात. तिथे तारेचा ब्रश चालवलात तर ओळखीची खूणच पुसून टाकाल.

हातातलं तीर-धनुष्य टाकून देणारी आणि डोक्यावर बंदूक उंच धरलेली देवी दिसली तर ती डायना. शिकारीच्या देवतेचं हे नाव जर्मनीतल्या राश्टाट गावच्या मायर अँड ग्रामेलश्पाखर या कारखान्याचं आहे, स्थापना १८९०. त्यांच्या बऱ्याच बंदुकांवर महिना आणि वर्ष दाखवणारे दोन छोटे आकडे असतात, म्हणजे ०४ ६८ असेल तर एप्रिल १९६८. इथे एक गुंता आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री ब्रिटनमध्ये गेली आणि मिल्ब्रो ही स्कॉटलंडची कंपनी त्याच नावाने बंदुका बनवू लागली. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचा माल ब्रिटनमध्ये 'ओरिजिनल' या नावाने विकला जाई. त्यामुळे डायना हा शब्द दिसला म्हणून बंदूक जर्मनच असेल असं नाही. सुटे भाग मागवण्याआधी हे नक्की करा, नाहीतर चुकीचा वॉशर घरी येतो.

एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चिन्ह असेल तर ती बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. लिंकन जेफरीज यांच्या १९०४ च्या पेटंटवरून त्यांनी १९०५ पासून खालच्या दांड्याच्या एअर रायफली बनवल्या. नंतरच्या काळात एअरस्पोर्टर १९४८ मध्ये आली आणि मधून मोडणारी मिटिऑर १९५९ मध्ये. बीएसएच्या क्रमांकाआधीच्या अक्षरांवरून मॉडेल आणि काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. पंख असलेली गोळी हे वेब्ली अँड स्कॉटचं चिन्ह. त्यांची मार्क ३ १९४७ पासून १९७५ पर्यंत बनत होती.

खाली चापाभोवती काउबॉय चित्रांतल्यासारखी कडी असेल आणि बंदूक गोल छर्रे खात असेल तर ती डेझी किंवा तिची नक्कल. ही कंपनी मिशिगनमधल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवायची आणि पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला भेट म्हणून एअरगन द्यायची. लोकांना भेटच जास्त आवडली. १८९५ मध्ये कंपनीने स्वतःचं नावच डेझी करून टाकलं.

काहीच शिक्का सापडला नाही तर निराश होऊ नका. सिलिंडरचा व्यास, नळीची लांबी, स्क्रूंच्या जागा, ताणायच्या दांड्याचा आकार अशी मापं घेतली की बनावट बऱ्याचदा कळते.

अशी बंदूक ठेवायला परवाना लागतो का?

जागेनुसार नियम इतके वेगळे आहेत की एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशात उपयोगी नाही. इंग्लंडमध्ये छर्ऱ्याची ऊर्जा १२ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून त्याच बंदुकीला प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत ७.५ ज्यूलखालच्या बंदुकीवर पंचकोनात एफ हे अक्षर असतं. तुमच्या इथला नियम दुरुस्ती सुरू करण्याआधी बघा. जोर वाढवणारी स्प्रिंग घातली तर बंदूक नकळत दुसऱ्या वर्गात जाऊ शकते.

एकदा नुसती चालवून बघू का?

नका. मनापासून विनंती. मला तो मोह आवरला नव्हता आणि जुना वाळलेला वॉशर पहिल्याच ठोक्यात फुटला. त्याचे तुकडे पिस्टनच्या पुढे जाऊन अडकले.

छर्रा न घालता तर अजिबात नको. नळीत छर्रा असतो तेव्हा तो क्षणभर हवा अडवून धरतो आणि त्या दाबलेल्या हवेच्या उशीवर पिस्टन थांबतो. छर्रा नसेल तर हवा सरळ निघून जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर धाडकन आदळतो. वॉशर, स्प्रिंग, टोकाची वेल्डिंग, सगळ्यालाच मार बसतो. लहानपणी आम्ही मित्रांना आवाज ऐकवायला ती शेकडो वेळा रिकामीच उडवली होती. बंदूक का थकली असावी याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

आत नेमकं काय असतं?

सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. सिलिंडर, त्यात पुढे-मागे होणारा पिस्टन, पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर. एअरगनमध्ये हाच पंप असतो, फक्त दांडा हाताने दाबण्याऐवजी मागची जाड स्प्रिंग त्याला ढकलते. नळी मोडताना आपण पिस्टन मागे ओढून स्प्रिंग दाबतो आणि चापाची खिट्टी त्याला अडकवून ठेवते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा अगदी थोड्या जागेत दाबली जाते आणि एका बारीक भोकातून छर्ऱ्याच्या मागे येते. नळी आणि सिलिंडर जिथे मिटतात तिथे आणखी एक छोटा वॉशर असतो, चामड्याचा किंवा रबराचा.

म्हणजे हवा निसटायला दोनच मुख्य जागा. पिस्टनचा वॉशर आणि जोडावरचा वॉशर. नव्वद टक्के तरी जुन्या बंदुका याच दोन ठिकाणी आजारी असतात, असा माझा अनुभव. जोडावरचा वॉशर तपासायला सोपी युक्ती आहे: पिस्टनचा वॉशर ठीक केल्यावर, छर्रा घालून सुरक्षित ठिकाणी उडवताना जोडावर पातळ कागदाची पट्टी ठेवा. ती उडाली तर हवा तिथून जाते आहे.

चामड्याचा वॉशर वाळला आहे. तो जिवंत होतो का, की नवाच हवा?

तडे नसतील तर बरेचदा होतो. सिलिंडरच्या पुढच्या बारीक भोकातून काही थेंब तेल सोडा, बंदूक नळी वर करून एक-दोन दिवस उभी ठेवा. चामडं तेल पिऊन फुगतं आणि कडा पुन्हा सिलिंडरला टेकतात. यासाठी गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल उत्तम. ते चामड्यासाठीच वापरलं जातं. पण बंदूक खोलणारच असाल तर वॉशर बाहेर काढून रात्रभर तेलात बुडवून ठेवणं कितीतरी चांगलं.

नवा वॉशर घरी करता येतो, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्यानेच दिलं. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं, सुमारे ३ मिमी जाडीचं चामडं घ्या. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं आकार धरत नाही. ते कोमट पाण्यात पूर्ण भिजवा. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या ठोकळ्यात सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं भोक पाडा आणि त्यात बसणारा एक गोल दट्ट्या करा. दट्ट्याचा व्यास सिलिंडरपेक्षा चामड्याच्या दुप्पट जाडीने कमी हवा. सिलिंडर २५ मिमी आणि चामडं ३ मिमी असेल तर दट्ट्या १९ मिमीचा. भिजलेलं चामडं भोकावर ठेवून व्हाइसमध्ये दट्ट्याने हळूहळू आत दाबा. वाटीसारखा आकार येतो. दिवस-दोन दिवस तसंच वाळू द्या. घाईने उन्हात किंवा हीटरपाशी ठेवलं तर आक्रसून वाकडं होतं. मग धारदार पात्याने काठ सरळ कापा, मध्ये स्क्रूचं भोक पाडा, तेलात रात्रभर ठेवा.

बसवताना वाटीचं उघडं तोंड पुढे, म्हणजे नळीकडे. हवेचा दाब वाटीत शिरून कडा बाहेर ढकलतो आणि त्या सिलिंडरला घट्ट चिकटतात. उलटा बसवला तर कितीही सुबक केलेला असू दे, हवा धरणार नाही.

स्प्रिंग काढणं धोक्याचं आहे असं ऐकलं. खरंच?

हो. बंदूक ताणलेली नसतानाही स्प्रिंग आत काही सेंटीमीटर दाबून बसवलेली असते. मागची पिन किंवा आटे सोडले की ती चापाच्या ठोकळ्यासकट बाहेर उसळते. तोंडावर आली तर दात आणि डोळे दोन्ही जातील. कुणी हाताने छातीशी दाबून काढल्याच्या गोष्टी सांगतं, त्या ऐकून घ्या आणि तसं करू नका.

सुताराचा लांब क्लॅम्प चांगलं काम देतो. नळीचं तोंड लाकडाच्या ठोकळ्यात, मागच्या बाजूला दुसरा ठोकळा, आणि दोन्हींच्या मध्ये बंदूक सरळ रेषेत. आधी दस्ता काढा. क्लॅम्प थोडा आवळून पिनेवरचा भार उतरवा. पिन बोटाने हलेल इतकी सैल झाली की काढा आणि क्लॅम्प अगदी हळू सोडत जा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. काही बंदुकांत मागचं टोपण आट्यांचं असतं. ते फिरवतानाही शेवटच्या आट्यापाशी स्प्रिंग जोर करते, तेव्हा तिथेही क्लॅम्प लावूनच.

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्क्रू कुठला कुठून निघाला ते कागदावर बंदुकीचं चित्र काढून त्यावर चिकटवून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरची धार खाचेत पूर्ण बसणारी हवी. पाचरीसारख्या टोकाचा साधा स्क्रू ड्रायव्हर खाच खातो, आणि खाल्लेली खाच सगळ्यांना आयुष्यभर दिसते. स्क्रू हटत नसेल तर पातळ तेल सोडून एक रात्र थांबा.

खोलताना तीन छोट्या गोळ्या खाली पडल्या. त्या कुठल्या?

तुमच्याकडे बहुधा जुनी डायना आहे, मॉडेल २७ सारखी. तिच्या चापात तीन पोलादी गोळ्या पिस्टनच्या मागच्या दांड्याला धरून ठेवतात. एकात एक बसणाऱ्या दोन नळकांड्यांमध्ये त्या फिरतात. चाप ओढला की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि पिस्टन सुटतो. इतका गुळगुळीत चाप लहान मुलांच्या हाती द्यायच्या बंदुकीत बसवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. परत जोडताना गोळ्या घट्ट ग्रीसने जागेवर चिकटवा, म्हणजे नळकांडं सरकवताना त्या सांडत नाहीत. खोलायचं काम मोठ्या ट्रेमध्ये, जाड कापड पसरून करा. जमिनीवर पडलेली गोळी शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

स्प्रिंग बदलताना जरा जास्त जोराची घालू का?

मी घालणार नाही. स्प्रिंग मूळ लांबीपेक्षा बरीच आखडली असेल, वाकली असेल किंवा तुटली असेल तर बदला. तुटलेली स्प्रिंग बऱ्याचदा कळतही नाही, कारण दोन तुकडे एकमेकांत फिरून बसतात आणि बंदूक कमी जोराने, कुरकुरत चालत राहते. पण मूळ मोजमापाचीच घ्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या. जाड तारेची स्प्रिंग घातली तर बंदूक पूर्ण ताणली जाण्याआधीच वेढे एकमेकांना भिडतात, चापाची खिट्टी अडकत नाही, आणि अडकलीच तर तिच्यावर नको इतका भार येतो. लहान बंदुकीचा मऊ ठोका हाच तिचा गुण आहे.

तेल कुठलं आणि किती?

कमी. फार कमी. पिस्टनच्या पुढे जास्त तेल गेलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, आणि लहान मुलाला वाटतं बंदूक आज फार जोरात आहे. प्रत्यक्षात वॉशर आणि स्प्रिंग मार खात असतात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या काही छर्ऱ्यांना थोडा धूर येणं चालतं. तो थांबला नाही तर आत तेल जास्त आहे.

चामड्याच्या वॉशरला अधूनमधून एक-दोन थेंब लागतात. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या वॉशरला सहसा काहीच लागत नाही. पिस्टनच्या बाजूंना आणि स्प्रिंगच्या टोकांना मोलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस पातळ लावा. स्प्रिंगचा झणझणाट होत असेल तर वेढ्यांवर चिकट, घट्ट ग्रीसचा हलका हात पुरतो.

गंज कसा काढू?

आधी तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. बोटाला तांबडी पूड लागत असेल तर गंज अजून खातो आहे, त्याला थांबवायला हवं. गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला काही न लागणारा थर ही त्या पोलादाची म्हातारपणची कातडी आहे. तिला हात लावू नका.

तांबड्या गंजावर तेल लावून दिवसभर ठेवा, मग सर्वांत बारीक स्टील वूलने, तेलातच, हलक्या हाताने घासा. जाड खवले तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडा. ही धातू पोलादापेक्षा मऊ असल्याने खाली ओरखडा उठत नाही. सुट्या छोट्या भागांसाठी आणखी एक जुनी रीत आहे. तेलाचा अंश पूर्ण धुऊन ते भाग शुद्ध पाण्यात अर्धा तास उकळा. तांबडा गंज मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची काळी पूड पुसा आणि लगेच तेल लावा. बंदुकीचा मूळ काळा-निळा रंगही मॅग्नेटाइटचाच असतो, त्यामुळे रंग जुळून येतो.

पॉलिश पेपर नको. पॉवर ड्रिलवरचा बफ तर मुळीच नको. कडा गोल होतात, अक्षरं विरतात, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही.

मग नळीला पुन्हा निळा-काळा रंग देऊ की नको?

बहुतेक वेळा नको. बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग, म्हणजे न तापवता लावायचा निळा-काळा रंग, स्क्रूच्या डोक्यावर किंवा एखाद्या उघड्या ओरखड्यावर ठीक दिसतं. पूर्ण नळीवर ते डागडागांचं होतं आणि लवकर झिजतं. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. पूर्ण रंग द्यायचाच असेल तर तो गरम प्रक्रियेने करणाऱ्या माणसाकडे द्या.

दस्ता पार खराब झाला आहे. तासून नवा करू का?

इथे मी थोडा हट्टी आहे. तासू नका. दस्ता बीचचा असो की अक्रोडाचा, त्याच्यावरचे घाव कुणाच्या तरी हातचे आहेत. माझ्या बंदुकीच्या दस्त्याच्या डाव्या बाजूची वार्निश गेलेली होती, कारण आम्ही सगळे गाल तिथेच टेकवत होतो. पहिल्या उत्साहात मी तो भाग पॉलिश पेपरने एकसारखा केला. कोरलेली अक्षरं त्याच बाजूला होती. त्यातलं एक आता नीट वाचता येत नाही, आणि ते ज्याचं होतं तो भाऊ आज नाही. म्हणून सांगतो.

पातळ साबणाच्या पाण्याने पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या. दबलेल्या जागा तासण्याऐवजी फुगवता येतात: ओलं सुती फडकं खड्ड्यावर ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफ शिरून दबलेले धागे वर येतात. दोन-तीनदा केलं की बराच खड्डा भरतो. जिथे लाकूड तुटून गेलंय तिथे याचा उपयोग नाही. चीर असेल तर पातळ लाकडी गोंद आत ओढून घेऊन, क्लॅम्प लावून एक दिवस ठेवा.

शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पूर्ण पुसून. एक इशारा गांभीर्याने घ्या. या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर स्वतःहून तापून पेट घेतात. ती बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

छर्रे कुठले घालू?

नळीच्या व्यासाचे. ४.५ मिमी म्हणजे .१७७ आणि ५.५ मिमी म्हणजे .२२, ही दोन मापं सर्वाधिक भेटतात. आत पेच असलेल्या नळीत, म्हणजे आतल्या बाजूला वळत जाणाऱ्या रेषा दिसत असतील तर, मऊ शिशाचे कमरेत बारीक छर्रेच घाला. पोलादी गोल छर्रे त्या रेषा खरवडून टाकतात. ते फक्त गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी. काही जुन्या ब्रिटिश .२२ नळ्या जरा मोठ्या असतात आणि त्यांत ५.५ चा छर्रा सैल पडतो. त्यांना ५.६ च्या आसपासचा छर्रा लागतो. छर्रा बोटाने दाबल्यावर किंचित अडून बसायला हवा. आपोआप आत घरंगळला तर तो तुमच्या बंदुकीचा नाही.

दुरुस्त झाली, पण नेम लागत नाही. काय चुकतंय?

आधी दस्त्याचे स्क्रू आवळा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग नळी साफ करा: ओल्या कापडाच्या चिंध्या मागून पुढे ओढा, काळं येणं थांबेपर्यंत. तोंडाची कडा ठेचलेली असेल तर छर्रा निघतानाच तिरका होतो. नळी वाकलेली आहे का, हे तिच्या पृष्ठभागावरून ताणलेला दोरा धरून कळतं.

यानंतरही छर्रे विखुरलेले लागत असतील तर पकड तपासा. स्प्रिंगची बंदूक विचित्र धक्का देते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरते, पिस्टन थांबतो तेव्हा ती पुढे झेपावते, आणि हे सगळं छर्रा नळीतच असताना. घट्ट आवळून धरलीत किंवा टेबलावर टेकवलीत तर प्रत्येक वेळी ती वेगळ्या दिशेला उडते. पुढचा हात उघडा तळहात, त्यावर बंदूक नुसती पडलेली, खांद्याला हलका स्पर्श. दर वेळी तसंच. याच दुहेरी धक्क्यामुळे साध्या दुर्बिणी या बंदुकांवर खिळखिळ्या होतात.

लहानपणी ती फार जोरदार वाटायची. आता मोजली तर किती भरेल?

लहान मुलांच्या आकाराच्या बंदुकीत अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १२० मीटर गेला तर साडेतीन ज्यूलच्या आसपास ऊर्जा होते. तोच छर्रा १७० मीटरनी गेला तर सात ज्यूलच्या वर. वेग दीडपटही नाही, ऊर्जा दुप्पट. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, मिळाला तर दहा छर्रे मोजा. सरासरीपेक्षा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. जवळ असतील तर वॉशर नीट बसला आहे.

माझ्या मुलांना देऊ का?

शेजारी उभं राहून, त्यांच्या आणि तुमच्याही डोळ्यांवर चष्मा घालून, मागे छर्रा रुतेल असा भक्कम आडोसा ठेवून. हवेवर चालते म्हणून ती खेळणं ठरत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी या कारागिराची हवेवरची रायफल वापरली होती. तीन ज्यूलची बंदूकही डोळा कायमचा घालवते. कठीण पृष्ठभागावरून पोलादी छर्रा सरळ परत येतो. नळी उघडी असताना, छर्रा घालतेवेळी, दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जुन्या चापावर पूर्ण विश्वास ठेवू नका. वापर झाला की कुलपात.

दुरुस्त केल्याने किंमत उतरेल का?

आतले वॉशर-स्प्रिंग बदलल्याने सहसा नाही, जुने भाग पिशवीत घालून जपून ठेवा. तासलेला दस्ता आणि नवा चकचकीत रंग मात्र संग्राहकांना नको असतो.

ठेवायची कशी?

ताणून कधीच नाही, स्प्रिंग आखडते. धातूवर तेलाचा पातळ हात फिरवून, कोरड्या जागी, मोकळ्या हवेत. प्लास्टिकच्या पिशवीत आणि फोमच्या पेटीत दमटपणा अडकतो, चामड्याच्या म्यानातली रसायनं पोलादाला गंज आणतात. बोटांचा घामही पुरे होतो, म्हणून हाताळल्यावर दर वेळी पुसा.

बंदुकीबरोबर जुन्या छर्ऱ्यांची डबी मिळाली आहे. ते छर्रे वापरू का?

झाकण हळू उघडा, फुंकर मारू नका. छर्ऱ्यांवर पांढरी पूड असेल तर ते शिशाचं संयुग आहे आणि विषारी आहे. तसे छर्रे नळीत घालू नका. हातमोजे घालून डबी बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, झाकण लावून चिकटपट्टी मारा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा. नवे छर्रे हाताळल्यावरही हात धुवायचेच, आणि लहानपणी करायचो तसे ते ओठांत धरायचे नाहीत.

डबी फेकू नका. झाकणावरचं माप तुमच्या बंदुकीचं असतं. माझ्या डबीत सतरा छर्रे उरले होते. ती आता बंदुकीखालच्या फळीवर, बंद, ठेवली आहे.